कवठीचा जबाब

१५ जानेवारी १९८०, मंगळवार

पांढुर्ण्याच्या टेशनावर मला घ्यायला कोणी आलं नाही, हे आधी लिहून ठेवते. बाकी सगळं मागून. संक्रांतीची कर, बाईमाणूस एकटी, जवळ लोखंडी पेटी आणि तिळाच्या लाडवांचा डबा, आणि पोटचा पोरगा शाळेत वर्ग घेऊन राहिला. सौंसरच्या मोटारीवर पेटी चढवताना हमालानं विचारलं, आजी, एकट्याच काय. मी म्हटलं, नाही बापा, मागून वरात येऊन राहिली.

आता राग ओसरला, म्हणून चांगलंही लिहिते. घर चांगलं आहे. हेमंतनं पहिल्यांदा स्वतःचं घर केलं. कौलारू, तीन खोल्या, मागं सैपाकघर, विहिरीला गोड पाणी, आणि अंगण एवढं की दोन लग्नं उठतील. संत्र्याची दोन झाडं फळांनी वाकलेली. मी पेटी उघडायच्या आधी संत्रं सोललं. आठ वर्षं काटोलला लेकीकडे, अलकाकडे काढली. तिची पोरं आजी आजी करत, पण जावयाच्या घरचा घास मान खाली घालूनच गिळावा लागतो. इथं मान वर.

हेमंत माझा एकुलता एक पोरगा, शाळेत मास्तर. माझा जीव कुठं असेल तर त्याच्यात. त्याची बायको उर्मिला. लग्नाला आठ वर्षं झाली, पाळणा हलला नाही. कामाला बरी, तोंडात शब्द नाही. पाया पडली तेव्हा मी आशीर्वाद दिला तो त्याच एका गोष्टीचा, आणि जरा मोठ्यानं दिला, शेजारी ऐकू जाऊ दे म्हणून.

ही वही खताच्या दुकानातून हेमंतला मिळाली. तो लिहीत नाही. मी तिसरीपर्यंत शिकले, मग लग्न लावून दिलं. अक्षर वाकडं आहे, पण नियत सरळ आहे. बोलायला कोणी ओळखीचं नाही तोवर वहीशी बोलते.

२० जानेवारी, रविवार

झाडांचा निकाल लावायला नत्थूजीला बोलावलं. साठीचा माणूस, झाडं पाडायचं काम करतो. त्याची रीत पाहण्यासारखी आहे. कुऱ्हाडीच्या पाठीनं खोड ठोकतो, कान लावतो, मग बुंध्याची माती उकरून मूळ पाहतो. भरीव वाजलं तर झाड जितं. ढोलासारखं वाजलं तर आतून गेलं, मग वरचा पाला कितीही हिरवा असो.

दारातला शेवगा ढोलासारखा वाजला. नत्थूजी म्हणाला की हा पावसाळा पाहणार नाही, पडेल तर कोणाच्या डोक्यावर पडेल. मी म्हटलं, आजच काढ. दुपारपर्यंत शेवगा आडवा. कडुनिंब भरीव, फक्त एक फांदी कौलावर टेकून राहिली. ती चैताच्या तोंडाशी छाटायची, झाड ठेवायचं.

राहिली मागची कवठी. सैपाकघराच्या भिंतीपासून चार हातांवर. वीस-बावीस वर्षांची, काटेरी, दांडगी, आणि आजवर एक फळ नाही. उलट मूळ घरात घुसून चुलीजवळची फरशी उचलून राहिलं. नत्थूजीनं ठोकलं, थांबला, पुन्हा ठोकलं. म्हणाला की भरीव आहे, पण आत्ताच पाडा. पानगळीत झाड हलकं असते, मागून भारी पडन. मी म्हटलं, जित्या झाडाची एवढी घाई काहून? तर म्हणे, "झाड कवा पाडाव, हे झाडाले पाहून नाही ठरत, बाई. घराले पाहून ठरते."

बोलणं पटण्यासारखं होतं. पण ज्याच्या हातात कुऱ्हाड त्याला सगळीच झाडं पाडायची दिसतात. मी सांगितलं की पुढच्या महिन्यात सूर्यग्रहण आहे. वांझ झाडाला ग्रहणात एकदा विचारायची रीत आहे, माझ्या माहेरी विचारत. फळली तर ठीक, नाहीतर तुझी कुऱ्हाड कुठं पळून चालली.

उर्मिला चुलीपुढे बसून ऐकत होती. वांझ हा शब्द मी दोनदा म्हटला.

१४ फेब्रुवारी, गुरुवार, शिवरात्र

अंगणात कवठी असून महादेवाला कवठ बाजारातून आणावं लागलं. याहून नाक कापणं कोणतं?

शेजारची वत्सला आली होती. पुंडलिकराव म्हणून संत्र्याचे बागाईतदार आहेत, त्यांची बायको, पन्नाशीची. तिला रीत माहीत निघाली. ग्रहण लागलं की एक जण झाडापुढं कुऱ्हाड उगारते आणि विचारते, फळते का तोडू. दुसरी खोडामागं उभी राहून झाडाच्या वतीनं जबाब देते. तीनदा विचारायचं, तीनदा जबाब. पण वत्सलानं एक जास्तीचं सांगितलं. जबाब देणारी म्हातारी पाहिजे, जिचं सगळं होऊन गेलं अशी. कारण जबाब देणारी झाडाची जामीन होते. झाडाला जे होईल ते तिला. म्हातारीचं काय जाते, चार-दोन वर्षं. तरणीचं सगळं जाते.

मग म्हणे, म्हणजे तुम्हीच उभ्या राहा खोडामागं. मी तिला चहा दिला आणि वाटेला लावलं. घराची मालकीण मी. विचारायचं ते मी विचारीन, खोडामागं मी काय म्हणून लपू?

१६ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी ग्रहण लागलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही, सगळी दारं लावलेली. हेमंत आत रेडिओ ऐकत बसला. ऊन पितळेच्या भांड्यासारखं झालं आणि कावळे संध्याकाळ समजून कडुनिंबावर येऊन बसले.

मी उर्मिलेला खोडामागं उभं केलं. एका कामात दोन कामं. एक वांझ दुसरीच्या वतीनं बोलेल, दोघींना एकदमच लाज वाटेल. ती म्हणाली, "आत्याबाई, मले भेव वाटते." मी म्हटलं, आठ वर्षं मलेही वाटून राहिलं, मी सांगितलं का कोणाले?

कुऱ्हाड उगारून विचारलं, फळते का तोडू? मागून आवाज, फळीन, तोडू नको. चिमणीएवढा. दुसऱ्यांदा विचारलं, तोच जबाब, जरा मोठा. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा खूप वेळ काही आलं नाही. मी ओरडणार तेवढ्यात जबाब आला. घोगरा, खालून आल्यासारखा, आणि एवढा स्वच्छ की कावळे उडाले.

उर्मिला मागून बाहेर आली ती पांढरीफटक. म्हणाली की तिसऱ्यांदा मी बोललीच नाही. मी म्हटलं, मग काय तुझ्या बापानं जबाब दिला? ग्रहण सुटल्यावर दोघींनी अंघोळ केली. पाणी तिनंच शेंदलं.

१७ मार्च, सोमवार, पाडवा

गुढी उभारली आणि मागं गेले तर कवठीला फूल. बावीस वर्षांत पहिल्यांदा. अंगणभर वास.

उर्मिलेचा महिना चुकला. दवाखान्यातल्या बाईनं खात्रीनं सांगितलं. हेमंतला हसू आवरत नव्हतं, एवढा मोठा माणूस, साखरेच्या गाठीचं पदक तोंडात धरून अंगणात फिरून राहिला. मी घरोघरी साखर वाटली. वत्सलानं आधी कवठीकडे पाहिलं, मग उर्मिलेकडे, आणि म्हणाली की आता दोघींलेही जपा. जपीन ना. नातू आहे माझा तो.

३१ मार्च, सोमवार

हनुमान जयंती म्हणून जामसांवलीला गेलो होतो. दर्शनाच्या रांगेत उभ्या असताना उर्मिला एकदम किंचाळली आणि डावं मनगट धरून खाली बसली. लोकांना वाटलं, अंगात आलं. जागा द्यायला लागले. मी पाहिलं तर मनगटाभोवती तिरका लाल वळ, दोरीनं काचल्यासारखा. आणि कोणी हात लावलेला नाही.

घरी आलो तर नत्थूजी काम करून गेलेला. कडुनिंबाची फांदी छाटली, आणि शिडी लावायला आड येते म्हणून कवठीचीही एक फांदी उतरवली. घावातून डिंक गळून राहिला, तिरक्या घावातून. तसाच तिरका, जसा वळ.

उर्मिलेला सांगितलं नाही. हेमंतलाही नाही. आधी माणसानं खात्री करावी.

३ एप्रिल, गुरुवार

खात्री केली. कॅलेंडर टांगायचा खिळा घेतला, वरवंटा घेतला, आणि सकाळी ती पोळ्या लाटत असताना कवठीला कमरेखाली एक खिळा ठोकला. फार नाही, बोटाचं एक पेर.

सैपाकघरात लाटणं पडलं. मी आत गेले. ती उजवी मांडी दाबून बसली होती, डोळ्यांत पाणी. मी विचारलं, काय झालं? म्हणे, कोणी काही टोचल्यासारखं. मी म्हटलं, पोटुशीला होतं असं.

खिळा मी काढला नाही. असू द्या.

१८ एप्रिल, शुक्रवार

बरं झालं ते खिळ्याचं. आता सुनेला हाका माराव्या लागत नाहीत. दुपारी लोळत पडली, चहाची वेळ टळली, की मी मागं जाते आणि वरवंटा एकदा टेकवते. उठून येते बापुडी. कुठं दुखते विचारलं तर मांडी दाखवते. हेमंतनं दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणे, वात आहे.

मी कसाई नाही. पण आठ वर्षं जिनं वाट पाहायला लावली तिनं चार महिने मांडी दाबली तर आभाळ पडत नाही.

दुसराही एक विचार केला, तो लिहून ठेवते. कवठी सैपाकघर पाडेल, हे दिसून राहिलं. कधी ना कधी तोडावीच लागेल. मग ती लेकरू हाती आल्यावर तोडावी. झाडासोबत जे जायचं ते जाईल. दूध गाईचंही असतं, आणि हेमंतचं वय काही गेलं नाही. बायको मिळेल. पहिला नातू परत मिळत नाही.

२० मे, मंगळवार

सैपाकघराच्या भिंतीला तडा गेला. हात जाईल एवढा. हेमंतला सुट्ट्या आहेत. सकाळी पाहिलं आणि नत्थूजीची कुऱ्हाड मागून आणली. म्हणाला, बस झालं, आज तोडतो. मी आडवी आले. म्हटलं, तोडू नको, फळेल. फुलं गळून बोराएवढी कवठं धरली आहेत, दिसत नाहीत का? तो कुऱ्हाड परत देऊन आला.

उर्मिला दारात उभी राहून आमचं बोलणं ऐकत होती. पोट दिसायला लागलं आहे. तोंड मात्र उतरलं.

२२ जून, रविवार

वादळ झालं. कवठी कौलांवर झुकली, बारा कौलं फुटली. हेमंत भिजत बाहेर गेला आणि कुऱ्हाड घेतली. या वेळी स्वतः विकत आणून ठेवली होती, मला न सांगता. मी पावसात धावले, या वयात. म्हटलं, तोडू नको हेमंता, फळेल ती. मी सांगते ना. त्यानं बुंध्याला दोर बांधून कडुनिंबाला ताणला, तेवढ्यावर भागवलं.

दोर बांधला त्या दिवसापासून उर्मिलेला श्वास कमी पडतो. सैल करता आला असता. पण मग कौलं गेली असती.

३ ऑगस्ट, रविवार

फरशी फोडून मूळ चुलीपाशी वर आलं. मनगटाएवढं, पांढरं. हेमंतनं नत्थूजीला आणलं, दोर, करवत, सगळं. ऐकायला तयार नाही. म्हणे, माय, पोटुशी बाई त्या चुलीपाशी बसते, भिंत पडली तर दोन जीव जातील.

नत्थूजीनं कुऱ्हाड उचलली. मी खोडाला पाठ लावून उभी राहिले. सांगितलं की सध्या चूल ओसरीत हलवा. लेकरू होऊ दे. बारसं झालं की दुसऱ्याच दिवशी तोडा, मी आडवी येणार नाही, या घराच्या मालकिणीचा शब्द आहे. आणि मोठ्यानं म्हटलं, "तोडू नको. फळेल."

नत्थूजीनं कुऱ्हाड खाली केली. माझ्याकडे पाहिलं. मग कवठीला हात जोडले, सामान उचललं आणि निघून गेला. हेमंतनं मजुरी देऊ केली, घेतली नाही.

हेमंतनं माझी तारीख कबूल केली. बारशाचा दुसरा दिवस. ठरलं.

आज उर्मिला दुपारभर झोपली. गाढ, तोंड उघडं टाकून.

१० ऑगस्ट, रविवार

उजवी मांडी ठणकून राहिली. पावसाळी हवा आहे. एरंडाचं पान शेकून बांधलं.

उर्मिलेच्या अंगावर मांस येऊन राहिलं. श्वासही नीट. दोर तसाच बांधलेला आहे. श्वास मला लागतो.

२४ ऑगस्ट, रविवार

चार वाजले तरी चहा नाही. मागं गेले. खिळा सालीनं अर्धा गिळला आहे, वरवंट्यानं नीट नेम धरावा लागला. ठोकला.

मी खाली बसले. मांडीतून कळ डोक्यात गेली. बसल्या जागी डोळ्यांपुढं अंधार.

आणि सैपाकघराच्या दारात उर्मिला उभी. तिला काही झालं नव्हतं. ती पाहून राहिली. माझ्याकडे, खिळ्याकडे, वरवंट्याकडे. खिळा तिनं आज पहिल्यांदा पाहिला. आत गेली आणि चहा केला. एकच कप. स्वतः प्याली.

२६ ऑगस्ट, मंगळवार

एक कवठ गळलं. मुठीएवढं, टणक, कुठं भोक नाही, कीड नाही. दगडावर फोडलं. आत काही नाही. गर नाही, बी नाही. गुळगुळीत, पुसल्यासारखं. वत्सला म्हणाली, याले हत्तीनं खाल्लेलं कवठ म्हणतात. हत्तीच्या पोटातून गेलं तरी वरून शाबूत, आतून रिकामं. आणखी तीन फोडली. तिन्ही तशीच.

मला जेवण लागत नाही. म्हणजे जेवते. दोन भाकरी खाते, पण पोटात गेल्यासारखं वाटत नाही.

७ सप्टेंबर, रविवार

वत्सलाला सगळं सांगितलं. खिळ्याचं सोडून. नाही, खिळ्याचंही सांगितलं.

तिनं एवढंच विचारलं की ग्रहणानंतर कवठी तोडायला कुऱ्हाड किती वेळा उचलली. तीन, मी म्हटलं. आणि तोडू नको कोण म्हणालं? मी. तिन्ही वेळा?

मी मान डोलावली. ती म्हणाली, "मंग जामीन तुम्ही, केसरबाई. पहिलीचं सुटलं. कुऱ्हाडीपुढं तीनदा जो बोलला, झाड त्याचं."

मग सोडवायचं कसं? तसंच, म्हणे. दुसऱ्या कोणी कुऱ्हाडीपुढं तीनदा म्हणावं, स्वतःच्या तोंडानं. मी तिचा हात धरला. म्हटलं, तुझं सगळं होऊन गेलं, वत्सला, पोरं मार्गी लागली, तू म्हण. तिनं हात सोडवून घेतला. फाटकाबाहेर गेल्यावर पदर झटकला, दोनदा. मी वळले तर उर्मिला मागं दारातच तांदूळ निवडत बसलेली.

२१ सप्टेंबर, रविवार

खिळा काढायला गेले. साल वरून मिटली आहे. कुठं होता ते बोटानंही लागत नाही. मला लागतो. मला नेमका लागतो.

हेमंतला म्हटलं, झाड तोडू नका, कधीच तोडू नका. तो हसला. म्हणे, माय, तारीख तूच दिली, आता काहून घाबरतेस. गुणवंता म्हणून मोहगावचा एक माणूस तो झाड पाडायला ठरवून आला. नत्थूजी नाही म्हणाला.

५ ऑक्टोबर, रविवार

उर्मिला भांडी घासून उठली. वाटेत दगड उचलला. साल मिटली तिथं बरोबर एकदा टेकवला. जोरात नाही. चहाची वेळ झाली होती, एवढंच. मी उठले. चहा केला. तिला दिला.

तिनं विचारलं, कुठं दुखते का. मी म्हटलं, वात आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार

छातीवर बोटं ठोकून पाहिली. जसा तो शेवगा.

पाठीवर ठोकलं. तसंच.

कातडी टणक झाली. चिमटा बसत नाही. आत काही नाही, तरी दुखतं कुठं?

२ नोव्हेंबर, रविवार

हेमंतला झाडाजवळ नेलं. कुऱ्हाड मी स्वतः हातात घेतली. म्हटलं, आजच तोडते. म्हणायला हवं होतं त्यानं, तोडू नको. तोंड उघडलं होतं त्यानं—

मीच कुऱ्हाड टाकली. नाही. हेमंत नाही. माझा एकच आहे तो.

सैपाकघराच्या खिडकीत उर्मिला उभी होती. सगळं पाहिलं तिनं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मुलगी झाली. धडधाकट. रडते तर गल्लीभर ऐकू येतं.

आज बाराव्या दिवशी बारसं— म्हणजे आजपासून बाराव्या— मोजलं. पुन्हा मोजलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

बारसं. नाव प्रतिभा. पाळण्यावर वाकले तर बायका मागं सरकल्या. म्हणे, आजी, तुमच्या अंगाला कवठीचा वास येऊन राहिला.

घशात डिंक. शब्द अर्धे निघतात.

काटोलला जायचं म्हणून पेटी भरली. फाटकापर्यंत गेले. पुढं पाय निघत नाही. खालून धरल्यासारखे—

२४ नोव्हेंबर, सोमवार

गुणवंता आला. करवत, दोन कुऱ्हाडी. खोड ठोकून पाहिलं त्यानं. इथं ऐकू आलं. इथं, बरगड्यांत.

हेमंत शाळेत गेला. जाताना म्हणाला, माय, आज तुझ्या मनासारखं होऊन राहिलं.

पहिला घाव—

पायाच्या घोट्यावर. रक्त नाही. पिवळं, चिकट.

वत्सला ओसरीवर. मी हातानं खुणा केल्या तिला, बोल, बोल. पदर तोंडात कोंबून घेतला तिनं.

दुसरा. तिसरा—

तोंड उघडत नाही आता. आवाज नाही. लिहिणंच—

उर्मिला दारात. डोक्याला फडका, छातीशी पोर. आत आली नाही. गुणवंताला हातानं थांबवलं. म्हणाली, "आत्याबाई, तुमच्याऐवजी कोणाले उभं करू? लिहून द्या. मी बोलावते."

वाट पाहून राहिली ती. हसत नाही. कुऱ्हाड उगारलेली तशीच—

पुन्हा विचारते. कोणाचं नाव?

हेमंतला शाळेतून बोलवा. आत्ता. खोडापुढं उभा करा. तीनदा म्हणायचं, तोडू नको. दुसऱ्या कोणी नाही, जबाब हेमंतनंच द्याय—